आधी पोटोबा : व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील उपाहारगृहाची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की संस्थापक आठवतात, इमारतनिधी आठवतो, अध्यक्षांची नामावली आणि गाजलेली व्याख्याने आठवतात. व्याख्यान संपल्यावर ज्या खोलीत चहा मिळाला, त्या खोलीचा उल्लेख मात्र क्वचितच येतो. आभाराच्या शेवटच्या ओळीत ‘अल्पोपाहाराची चोख व्यवस्था ठेवल्याबद्दल’ एवढे म्हटले की ते खाते मिटते. म्हणून या स्मरणिकेसाठी मी मुद्दाम अशा एका संस्थेची वाटचाल निवडली आहे, जी दुसऱ्या एका मोठ्या संस्थेच्या पोटात वाढली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे उपाहारगृह ही ती संस्था. १८६८ साली उघडलेल्या दालनांत तिथे आजही लोक चहा घेतात. पाहुण्यांसाठी संग्रहालयाच्या आत उपाहारगृह काढण्याची जगातली पहिली सुरुवात म्हणून याच संस्थेचे नाव घेतले जाते.

माझी आई पहिल्यांदा तिथे आली तेव्हा हातात चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. समोर चकचकीत चिनीमातीचे खांब, सोनेरी-पिवळसर भिंती, रंगीत काचांच्या खिडक्या, वर नक्षीदार छत. “अगं, इथे बसून खायला चालतं ना?” तिने हळूच विचारले. देवळाच्या सभामंडपात डबा उघडावा की नाही, असा संकोच तिच्या आवाजात होता. तिला वाटले होते की आपण चुकून एखाद्या प्रदर्शनाच्या दालनात शिरलो. तिचा प्रश्न ऐकल्यापासून ही खोली कोणासाठी बांधली आणि एवढी देखणी का बांधली, हे जाणून घ्यायची ओढ मला लागली. पुढचा मजकूर हे तिच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे.

प्रदर्शनाच्या नफ्यातून

या संस्थेची मुळे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात आहेत. हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनने काच आणि लोखंड यांचा प्रचंड महाल उभा केला होता. १ मे पासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या या प्रदर्शनाला सुमारे ६० लाख भेटी झाल्या. सुरुवातीचे महागडे दिवस सरल्यावर प्रवेशाचा दर एका शिलिंगवर आला आणि गिरण्यांतले, कारखान्यांतले, शेतांवरचे लोक कुटुंबकबिल्यासह रेल्वेने लंडनला आले. एवढ्या माणसांना दिवसभर फिरवायचे तर त्यांच्या खाण्यापिण्याची सोय हवीच. तो मक्ता श्वेप्स कंपनीकडे होता. मद्याला बंदी होती. चहा, कॉफी, सोडा, लेमोनेड आणि बन यांवर गर्दी दिवस काढत होती. जॉर्ज जेनिंग्ज याने तिथे एक पेनी दरात सार्वजनिक शौचालयेही चालवली. सामान्य माणसाला मोठ्या वास्तूत बोलवायचे तर त्याच्या देहधर्माची काळजी घ्यावी लागते, हा धडा आयोजकांना या प्रदर्शनाने दिला.

प्रदर्शनातून सुमारे १,८६,००० पौंड शिल्लक राहिले. त्या पैशातून आणि सरकारी मदतीतून साउथ केन्सिंग्टनची जमीन घेतली गेली. प्रदर्शनातील निवडक वस्तूंसह १८५२ मध्ये मार्लबरो हाउस येथे सुरू झालेला छोटा संग्रह १८५७ मध्ये या जमिनीवर आला आणि साउथ केन्सिंग्टन म्युझियम या नावाने लोकांसाठी उघडला. सुरुवातीची इमारत पत्र्याची, लोखंडी सांगाड्याची होती. तिचा आकार पाहून लोक तिला ‘ब्रॉम्प्टनचे बॉयलर’ म्हणत.

हेन्री कोल आणि संध्याकाळचे दिवे

या सगळ्यामागचा चालता हात होता हेन्री कोल यांचा. १८०८ मध्ये जन्मलेला हा सरकारी नोकर एका जागी स्वस्थ बसणारा नव्हता. एक पेनीच्या टपालसुधारणेसाठी त्यांनी काम केले, १८४३ मध्ये पहिले छापील नाताळकार्ड काढले, महाप्रदर्शनाच्या उभारणीत ते पुढे होते. आपल्या विषयाशी जवळची गोष्ट अशी की १८४६ मध्ये त्यांनी ‘फेलिक्स समर्ली’ या टोपणनावाने चहाच्या भांड्यांचा एक साधा, सुबक संच घडवला. मिंटन कारखान्याने तो तयार केला आणि त्याला सोसायटी ऑफ आर्ट्सचे पारितोषिक मिळाले. रोज हाताळायच्या किटलीलाही चांगला घाट हवा, असा आग्रह धरणारा माणूस या संग्रहालयाचा पहिला संचालक झाला. त्याच्या उपाहारगृहाच्या भिंतींवर पुढे मिंटनच्याच फरशा चढल्या.

दिवसभर राबणारा माणूस संग्रहालयात येणार कधी, हा कोल यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. उत्तर म्हणून त्यांनी संग्रहालयात गॅसचे दिवे लावले आणि काही दिवशी ते रात्री १० वाजेपर्यंत उघडे ठेवले. आठवड्यातले ३ दिवस प्रवेश मोफत होता. काम आटोपून मजुराने जिनच्या गुत्त्याकडे वळण्याऐवजी बायकामुलांना घेऊन इकडे यावे, असे ते जाहीर भाषणांत सांगत. पण काम सुटल्यावर थेट आलेला माणूस भुकेला असतो. त्याची मुले पेंगुळलेली असतात. त्याला पुतळे आणि कुंभ दाखवायचे तर आधी दोन घास आणि गरम चहा द्यायला हवा. आपल्याकडे ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ म्हणतात. कोल यांनी ती म्हण ऐकलेली नव्हती, पण त्यांच्या संग्रहालयाचा आराखडा तिच्याच अर्थाने चालला.

पहिला, फसलेला प्रयत्न

पहिले उपाहारगृह मूळ इमारतीबाहेर, आवारात उभे राहिले. लष्कराच्या अभियांत्रिकी दलातील कॅप्टन फ्रान्सिस फाउक यांनी त्याचा आराखडा केला होता. सोय झाली, पण रूप कोणालाच आवडले नाही. १८६७ मध्ये ते पाडून टाकले. पाडलेल्या या इमारतीचा उल्लेख मी आवर्जून करते, कारण चांगल्या संस्था पहिल्याच फटक्यात घडत नाहीत. हे उपाहारगृह बेढब ठरले तेव्हा ‘खाण्याची जागा आहे, कशीही चालेल’ असे कोल यांनी म्हटले नाही. त्यांनी नवे उपाहारगृह मुख्य इमारतीच्या हृदयात आणले.

संग्रहालयाच्या मधल्या चौकाच्या उत्तरेला लाल विटा आणि टेराकोटाची नवी इमारत उभी राहत होती. वर व्याख्यानगृह आणि खाली जेवणाची तीन दालने, अशी तिची मांडणी होती. त्या काळी संग्रहालयाचे मुख्य दार याच बाजूला होते. दारातून आत आलेल्या पाहुण्याला सर्वांत आधी लागत ती जेवणाची दालने. आज संग्रहालयांत उपाहारगृह बहुधा तळघरात किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर असते. इथे ते उंबरठ्यावर होते.

इमारत पूर्ण झालेली पाहणे दोघांच्या नशिबी नव्हते. फाउक १८६५ च्या डिसेंबरात वारले आणि सजावटीचे प्रमुख गॉडफ्रे साइक्स १८६६ मध्ये. साइक्स यांच्या हाताखाली तयार झालेल्या जेम्स गॅम्बल आणि रूबेन टाउनरो या शिष्यांनी गुरूची रेखाटने हातात घेऊन काम पुढे नेले.

मधले दालन

तिन्ही दालनांतले मधले सर्वांत मोठे. आज ते गॅम्बल यांच्या नावाने ओळखले जाते. माझी आई थबकली ती इथेच. भिंती आणि खांब वरपासून खालपर्यंत झिलईदार चिनीमातीने मढवलेले आहेत आणि छत मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्यांचे आहे. हे सगळे पाहून कोणालाही श्रीमंती थाट वाटेल, पण त्यामागचा हिशेब साधा, घरगुती आहे. जेवणघरात वाफ होते, तेलकटपणा साचतो. कोळशावर जगणाऱ्या लंडनच्या हवेत काजळी होती. कागद लावलेली किंवा रंगवलेली भिंत अशा ठिकाणी चार वर्षांत काळवंडते. झिलईदार फरशी ओल्या फडक्याने पुसली की पुन्हा लखलखते. शिवाय ती जळत नाही. आपल्या आजीने ओट्यामागची भिंत ज्या कारणासाठी फरशीची करून घेतली असती, त्याच कारणासाठी हे दालन चिनीमातीचे झाले. उपयोगाची गोष्टच देखणी करायची, ही कोल यांची आयुष्यभराची शिकवण होती. संग्रहालयाच्या कपाटांत ती जितकी दिसते, त्याहून ठसठशीत या भिंतींवर दिसते.

वरच्या पट्टीवर साइक्स यांनी घडवलेल्या चित्राक्षरांत एक वचन फिरते. ही अक्षरे म्हणजे माणसांच्या, मुलांच्या, प्राण्यांच्या आकृत्यांनी विणलेली अख्खी वर्णमाला आहे. वचन बायबलच्या उपदेशक या ग्रंथातले आहे. माणसाने खावे, प्यावे आणि आपल्या कष्टांच्या फळात समाधान मानावे, यापरते चांगले काही नाही, असा त्याचा आशय. जेवणापूर्वी श्लोक म्हणणाऱ्या आपल्या घरांना हे वचन परके वाटणार नाही. कष्टकऱ्यासाठी बांधलेल्या जेवणघरात कष्टाच्या फळाविषयीचेच वचन निवडले, यात निवडणाऱ्याचे मन दिसते.

हिरवे जेवणघर

बाजूच्या दालनाचे काम कोल यांनी एका नव्या, फारशा अनुभव नसलेल्या कारागीर-मंडळीला दिले. त्या पेढीची स्थापना १८६१ मध्ये झाली होती आणि तिचा म्होरक्या विल्यम मॉरिस नुकताच तिशी ओलांडलेला होता. घरांची आणि चर्चची कामे या पेढीला मिळत, पण लोकांच्या येण्याजाण्याच्या वास्तूचे मोठे काम मिळण्याची ही सुरुवात होती. त्याच सुमारास तिला सेंट जेम्स राजवाड्यातील दालनांचेही काम मिळाले.

या दालनाला हिरवे जेवणघर म्हणत. भिंतींवर ऑलिव्हच्या डहाळ्यांची उठावदार हिरवी नक्षी आहे. वास्तुकार फिलिप वेब यांनी छत आणि वरची पट्टी आखली. त्या पट्टीत शिकारी कुत्री धावत्या जनावरांच्या मागे लागलेली दिसतात. खालच्या लाकडी तक्तपोशीवर सोनेरी पार्श्वभूमीची छोटी चित्रे आहेत. फळांनी लगडलेल्या फांद्या आणि त्यांच्या अधूनमधून मानवी आकृत्या त्यांत दिसतात. या आकृत्या आणि खिडक्यांच्या रंगीत काचा एडवर्ड बर्न-जोन्स यांच्या रेखाटनांवरून घडल्या. मधले दालन जितके झगमगते, तितके हे शांत आहे. पावसाळी दुपारी इथे बसले की आंब्याच्या राईत बसल्यासारखा हिरवा काळोख भोवती जमतो.

नवख्या माणसांवर टाकलेला हा विश्वास संग्रहालयाला पुढे अनेक पटींनी परत मिळाला. मॉरिस मोठे झाले, इंग्लंडमधील हस्तकलेच्या पुनरुज्जीवनाचे अध्वर्यू ठरले आणि संग्रहालयाचे सल्लागार झाले. १८९३ मध्ये इराणचा प्रसिद्ध अर्दबिल गालिचा संग्रहालयाने विकत घेतला तो त्यांच्या आग्रहावरून. जेवणघर सजवायला आलेला तरुण असा संस्थेचा डोळा झाला.

निळ्या फरशांचे ग्रिल

तिसरे दालन एडवर्ड पॉइंटर यांचे. हॉलंडच्या जुन्या स्वयंपाकघरांची आठवण देणाऱ्या निळ्या-पांढऱ्या फरशांमुळे त्याला ‘डच किचन’ असेही नाव पडले. इथे एक मोठी लोखंडी शेगडी होती. आचारी पाहुण्यांच्या देखत त्यावर चॉप आणि स्टेक भाजून देत. घरातल्यासारखे, डोळ्यांसमोर शिजलेले आणि शेगडीवरून थेट ताटात आलेले अन्न मिळावे, अशी त्यामागची कल्पना होती. फरशांवर १२ महिने आणि ऋतू यांची चित्रे आहेत.

या फरशा रंगवल्या त्या संग्रहालयाशी जोडलेल्या कलाशाळेतील विद्यार्थिनींनी. रेखाटन पॉइंटर यांचे, पण प्रत्येक फरशीवर निळा रंग भरणारे, भट्टीत तो कसा उतरेल याचा अंदाज बांधणारे हात मुलींचे होते. चित्रकलेवर पोट भरण्याच्या वाटा त्या काळी स्त्रियांना जवळजवळ बंद होत्या. अशा काळात लंडनच्या एका मोठ्या सार्वजनिक वास्तूची अख्खी भिंत विद्यार्थिनींच्या हाती सोपवली गेली. दालनावर नाव पॉइंटर यांचे राहिले. मी तिथे गेले की फरशांजवळ जाऊन कुंचल्याचे फटकारे पाहते. काही ठाम आहेत, काही जरा बिचकते. ती त्या मुलींची सही आहे.

तीन पंगती

आता या इतिहासातील अवघड पान उलटायला हवे. कोल यांचे स्वप्न सर्वांना एका छपराखाली आणण्याचे होते. पण व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडने सर्वांना एका पंगतीला बसवले नाही. उपाहारगृहात रेल्वेच्या डब्यांसारखे वर्ग होते. पहिल्या वर्गात सशाच्या मांसाचा रस्सा दीड शिलिंगला आणि स्टेक पुडिंग एका शिलिंगला मिळे. दुसऱ्या वर्गात वासराच्या मांसाचे कटलेट १० पेन्सला होते आणि बन किंवा स्पंज केक अवघ्या १ पेनीला. तिसरी सोय संग्रहालयाच्या इमारतीवर राबणाऱ्या मिस्त्री-मजुरांसाठी आणि गरीब पाहुण्यांसाठी वेगळी होती. १२ पेन्सचा एक शिलिंग, म्हणजे वरच्या वर्गातील एका रश्श्याच्या किमतीत खालच्या वर्गातले १८ बन येत.

पंगतभेदाचा इतिहास आपण मराठी माणसांनी जवळून भोगला आहे. कोणाचे पान कुठे मांडायचे यावरून आपल्याकडे किती माणसे दुखावली आणि त्याविरुद्ध किती जणांनी आयुष्य वेचले, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून मी ही गोष्ट झाकून ठेवत नाही. तरी त्याबरोबर दुसरीही गोष्ट नोंदवायला हवी. एक पेनी देऊ शकणाऱ्या माणसालाही ‘तुझ्यासाठी इथे काही नाही’ असे या संग्रहालयाने म्हटले नाही. भिंत बांधणाऱ्या गवंड्याच्या जेवणाचा विचार त्या भिंतीच्या आराखड्याबरोबरच झाला. आपल्याकडील किती मोठ्या इमारतींच्या बाबतीत असे म्हणता येईल?

मुंबईशी नाते

या दालनांचे मुंबईशी असलेले नाते फार थोड्यांना ठाऊक आहे. साइक्स यांच्या हाताखाली साउथ केन्सिंग्टनच्या सजावटीवर काम करणाऱ्या तरुणांत जॉन लॉकवुड किपलिंग हे शिल्पकार होते. १८६५ मध्ये ते मुंबईला सर जमशेटजी जीजीभाय (जे. जे.) कलाशाळेत शिकवायला आले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला मुंबईत त्यांचा मुलगा जन्मला, तो पुढे लेखक म्हणून जगाला माहीत झालेला रडयार्ड किपलिंग. लॉकवुड यांची पत्नी ॲलिस ही मॅकडॉनल्ड घराण्यातली. तिची एक बहीण जॉर्जियाना ही बर्न-जोन्स यांना दिलेली आणि दुसरी बहीण ॲग्नेस ही पॉइंटर यांना. म्हणजे हिरव्या जेवणघराच्या काचा आणि निळ्या ग्रिलच्या फरशा ज्यांनी आखल्या, ते दोघे लॉकवुड किपलिंग यांचे साडू होते. लंडनमध्ये साडू जेवणघर सजवत होते, त्या वर्षांत लॉकवुड मुंबईत कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना दगड आणि माती घडवायला शिकवत होते.

त्यांच्या हातची खूण आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे, फक्त नाव ठाऊक नसते. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. तिच्या दारावरची कष्टकरी माणसांची उठावशिल्पे लॉकवुड किपलिंग यांची. भाजी घ्यायला आलेल्या माणसाने मान वर केली तर त्याला शिल्प दिसावे, ही दृष्टी साउथ केन्सिंग्टनच्या जेवणघराचीच. अन्न जिथे मिळते तिथे सौंदर्य असायला हवे, हा विचार एकाच पिढीत लंडनच्या जेवणघरात आणि मुंबईच्या मंडईत रुजला.

लॉकवुड यांचे सहकारी जॉन ग्रिफिथ्स हेही साउथ केन्सिंग्टनमध्ये तयार झालेले. त्यांनी जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला केल्या. मराठवाड्यातील डोंगरात वर्षानुवर्षे राबून केलेल्या या नकला लंडनला गेल्या. तिथे १८८५ मध्ये लागलेल्या आगीत त्यांतल्या पुष्कळ जळाल्या आणि उरलेल्या याच संग्रहालयात आहेत.

नावाचीही एक गोष्ट आहे. साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे नाव मिळाले १८९९ मध्ये. मुंबईत राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट अशा धुरीणांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले संग्रहालय त्याच नावाने १८७२ मध्येच लोकांसाठी खुले झाले होते. या नावाच्या बाबतीत मुंबई लंडनच्या २७ वर्षे पुढे होती. १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे.

विस्मरणाची वर्षे

१८९९ मध्ये राणीने नव्या इमारतीची कोनशिला बसवली. ॲस्टन वेब यांची ती भव्य इमारत १९०९ मध्ये उघडली आणि संग्रहालयाचे तोंड क्रॉमवेल रोडकडे वळले. एकेकाळी उंबरठ्यावर असलेले जेवणघर आता मागच्या बाजूला पडले. त्यातच लोकांची आवडही बदलली. आजोबांच्या काळातील भरगच्च नक्षी नातवंडांना जड वाटू लागली.

१९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि या दालनांतील जेवणाची सेवा थांबली. वस्तू सुरक्षित ठिकाणी हलवल्या गेल्या. तरीही या इमारतीतली चूल पूर्ण विझली नाही. संग्रहालयातील दक्षिणेच्या मोठ्या दालनात आधी हवाई दलासाठी आणि नंतर बॉम्बने पडलेल्या घरांची डागडुजी करणाऱ्या पथकांसाठी उपाहारगृह चालले. जिब्राल्टरहून आणलेल्या मुलांची शाळाही काही काळ याच इमारतीत भरत होती. मूर्ती हलवल्या तरी माणसांना जेवू घालण्याचे काम इथे थांबले नाही, हे मला या इतिहासातील सर्वांत उजळ पान वाटते.

युद्धानंतर संग्रहालयाचे उपाहारगृह इमारतीच्या इतर भागांत चालले. जुनी दालने पाहण्यापुरती उरली. १९८८ मध्ये संग्रहालयाने केलेल्या एका जाहिरातीने खळबळ उडाली. इथे झकास कॅफे आहे आणि त्याला लागून बरेसे संग्रहालयही आहे, असा तिचा सूर होता. विद्वानांना तो संग्रहालयाचा अपमान वाटला. त्यांची कळकळ मी समजू शकते, पण मला त्यांचे म्हणणे पटत नाही. चहासाठी आलेला माणूस वाटेत एखाद्या गालिच्यापुढे थांबला, तर त्यात संग्रहालयाचे काय गेले? कोल यांनी उपाहारगृह दाराशी बांधले ते याच आशेने.

पुन्हा चूल पेटली

२००१ च्या अखेरीस प्रवेशशुल्क रद्द झाले आणि संग्रहालय पुन्हा मोफत झाले. २००५ मध्ये चौकात नवी बाग झाली आणि मधल्या उथळ पाण्यात उन्हाळ्यात मुले खेळू लागली. २००६ मध्ये त्या बागेपलीकडच्या तिन्ही जुन्या दालनांत उपाहारगृह परत आले. १९३९ नंतर ६७ वर्षांनी मूळ जागी पुन्हा पाने मांडली गेली. मोठ्या गोल काचेचे नवे दिवे आले, पण भिंतींचा मान राखला गेला.

आता वर्ग नाहीत. सगळे एकाच रांगेत ट्रे घेऊन उभे राहतात आणि ज्याला जे दालन आवडेल तिथे बसतात. शुक्रवारी संग्रहालय रात्री १० पर्यंत उघडे असते, कोल यांच्या गॅसच्या दिव्यांखाली होते तसेच. मॉरिसच्या हिरव्या भिंतीखाली विद्यार्थी वही उघडून बसतात, पॉइंटरच्या फरशांसमोर आजी नातवाला बन भरवते. ज्या पंगतीचे स्वप्न १८६८ मध्ये अर्धेच उतरले होते, ती पूर्ण व्हायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

वाचकांना विनंती

त्या दिवशी मी आईला म्हटले, “चालतं, आई. ही खोली बांधलीच आहे बसून खायला.” मग ती निवांत बसली, चहा संपवला आणि स्वतःहून म्हणाली, “चल, आता तुझ्या वस्तू बघू.”

संस्था ज्ञान देते, कला देते, पण माणूस तिथे रमतो तो त्याची भूक ओळखली गेली म्हणून. आपल्या वाचनालयांच्या, नाट्यगृहांच्या, संग्रहालयांच्या आणि मंडळांच्या इमारती बांधताना, दुरुस्त करताना उपाहारगृहाची जागा शेवटी उरलेल्या कोपऱ्यात काढू नका. तिथे उजेड असू द्या, भिंत पुसता येईल अशी आणि पाहावीशी वाटेल अशी करा. एक चहा परवडणाऱ्यालाही मानाने बसता येईल असे दर ठेवा. आणि पुढच्या वेळी आपल्या संस्थेचा इतिहास लिहाल तेव्हा चहाची किटली उचलणाऱ्यांची, पोळ्या लाटणाऱ्यांची आणि फरशी पुसणाऱ्यांची नावेही विचारून घ्या. साउथ केन्सिंग्टनच्या निळ्या फरशा रंगवणाऱ्या मुलींना दालनावरच्या नावात जागा मिळाली नाही. आपल्या स्मरणिकांत तरी ही उणीव राहू नये.